संकल्पना नकाशा की डेटा मॉडेल? शेताच्या वारशावरून पडलेला प्रश्न

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. धागा लांबणार आहे, पण दोन महिने हे डोक्यातून जात नाही. इथे शेतकरी आहेत आणि कॉम्प्युटरवालेही आहेत, म्हणून इथेच विचारतो.

वर्गात मी मुलांकडून संकल्पना नकाशे काढून घेतो. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: शब्द चौकटीत लिहायचे, दोन चौकटी रेघेने जोडायच्या आणि रेघेवर त्यांचा संबंध सांगणारे शब्द लिहायचे. 'पाणी – तापल्यावर होते – वाफ.' चौकट, रेघ, चौकट मिळून एक पुरं विधान वाचता आलं पाहिजे. नुसती रेघ ओढलेली मी चालवून घेत नाही, कारण पोराला खरं काय कळलंय ते रेघेवरच्या शब्दातच दिसतं. ही पद्धत जोसेफ नोव्हाक यांनी 1972 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बसवली. शाळकरी मुलांची विज्ञानातली समज कशी वाढते याचा ते आणि त्यांचे सहकारी बारा वर्षं माग काढत होते. मुलाखतींचे कागद साठले, पण एकाच मुलाचं डोकं वर्षागणिक कसं बदललं हे त्या ढिगातून हाती लागेना. तेव्हा मुलाचं बोलणं अशा विधानांत मांडायची युक्ती निघाली. पाया डेव्हिड ऑसुबेल यांच्या विचाराचा: नवं शिकणं आधीच्या माहितीला कुठेतरी अडकलं, तरच ते अर्थासकट टिकतं.

आता घरची गोष्ट. उन्हाळ्यात थोरले काका वारले. कागद काढले तेव्हा कळलं की आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी उताऱ्याच्या 9 व्या रकान्यात, म्हणजे मालकाच्या, अजून त्यांचंच नाव आहे. शेतीचं सगळं काका बघायचे, त्यामुळे कुणी विचारलंच नव्हतं. कुठली पट्टी कुठे, ती कुणाकडून आली, कोण करतं, हे माहीत असलेलं घरात एकच माणूस उरलंय, धाकटी आत्या. मग मी मोठा कागद घेतला आणि आत्या, काकू, बाबा यांना सोप्यात बसवून नकाशा काढायला लागलो.

पहिल्या पाच मिनिटांतच अडलो. सगळे बोलत होते ते असं: चिंचेची पट्टी. देवाची पट्टी. सोमाची पट्टी. भाताची पट्टी. आपली पट्टी. मी चौकटी काढल्या, रेघा ओढल्या, आणि रेघेवर लिहायला शब्दच नाही! सगळीकडे नुसतं 'ची'. मग एकेक विचारत गेलो. चिंचेच्या पट्टीत चिंच *होती*, आता नाही. देवाच्या पट्टीच्या उत्पन्नातून देवळाची दिवाबत्ती *चालते*, जमीन देवस्थानची नव्हे. सोमाच्या पट्टीत सोमा *राबतो*, मालक नाही. भाताच्या पट्टीत भात *पिकतं*. आणि 'आपली' म्हणजे उताऱ्यावर नाव *लागलेली*. पाच पट्ट्या, पाच वेगळे संबंध, आणि आपण जन्मभर एका प्रत्ययावर भागवतो. बोलताना भागतंही, कारण ऐकणारा गावातलाच असतो. पुढच्या पिढीतला पोरगा 'सोमाची पट्टी' ऐकेल आणि सोमाच्या मुलाशी भांडायला जाईल, किंवा उलट.

मला वाटलं, काम झालं. मग बेंगळूरहून भाचा आला. तो डेटाबेसमध्ये काम करतो. कागद बघून म्हणाला, "मामा, मस्त झालंय. पण यातलं *एक* म्हणजे काय?"

मला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, पट्टी म्हणजे एक सर्व्हे नंबर, की एक हिस्सा (सर्व्हे नंबराचा सरकारी पोटभाग), की एका बांधाच्या आतलं सगळं? तपासलं तर चिंचेची पट्टी दोन हिश्श्यांत पसरलेली. उलट देवाची पट्टी आणि वडाची पट्टी मिळून एकच हिस्सा. म्हणजे घरच्या नावांचा आणि सरकारी नंबरांचा एकास एक मेळ कुठेच नाही. त्याने वहीत तक्ते आखले: माणूस, पट्टी, हिस्सा. मध्ये जोडणारे तक्ते वेगळे. कुठला माणूस कुठल्या हिश्श्यात आणि किती एकर-गुंठे-आणे, ही माहिती म्हणे माणसाच्या तक्त्यात बसत नाही आणि हिश्श्याच्याही नाही, ती त्या *जोडीची* आहे. हे ऐकून मी थांबलो. माझ्या नकाशात गुंठ्यांना कुठे जागाच नव्हती.

पुढे त्याने विचारलं, "पणजोबांना (म्हणजे माझ्या आजोबांना) मुलं किती?" मी म्हटलं, तीन. "आणि मुली?" दोन. त्याने पाच ओळी लिहिल्या. आत्या समोरच बसली होती. नकाशा तिच्या तोंडून उतरवला होता, त्यात सोमा होता, देव होता, पडलेली चिंचसुद्धा होती, आणि आत्याची चौकट नव्हती. थोरली आत्या आता नाही, तिची मुलं हुबळीला असतात. त्यांचीही नव्हती.

पण त्याच्या तक्त्यांतूनही एक गोष्ट निसटली. वडाच्या पट्टीवर जुना बोजा आहे, 11 व्या रकान्यात. घरात सगळे सांगतात की धाकट्या आत्याच्या लग्नासाठी ती गहाण टाकली. माझ्या नकाशात हे सरळ आलं: 'वडाची पट्टी – गहाण पडली – धाकट्या आत्याच्या लग्नासाठी'. भाच्याच्या तक्त्यात तारीख आली, रक्कम आली, 'लग्नासाठी'ला जागा नाही. शेवटी त्याने एक रकाना वाढवला, 'शेरा'.

तर विचारायचं हे: या दोन्ही पद्धती एकाच कामाच्या आहेत का? विचार मांडायचा तर आधी कुठली घ्यावी?

शेतकरी_उचगाव

गुरुजी, नकाशे नंतर. आधी वंशावळ करून वारसा लावून घ्या. पुढे तुकडा विकायचा किंवा वेगळा करायचा म्हटलात तर 11ई नकाशाही (त्या तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा) लागेल, मोजणीला वेळ जातो. आमच्याकडे चार वर्षं गेली.

बाकी 'सोमाची पट्टी'वरून भांडण होतं हे अगदी खरं. आमच्यात झालंय.

टेबलवाला_शहापूर

वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या भाच्याने जे आखलं ते एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल. पीटर चेन यांनी 1976 मध्ये मांडलं. त्याआधी 1970 मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी सगळा डेटा तक्त्यांत, म्हणजे 'रिलेशन'मध्ये, कसा ठेवायचा ते गणिताच्या पायावर दाखवलं होतं. चेन यांचं म्हणणं असं की तक्त्यांकडे जाण्याआधी जग कसं आहे ते मांडा: वस्तू कुठल्या, त्यांच्यात संबंध कुठले, प्रत्येकाचे गुण कुठले. म्हणजे तेही चौकटी आणि रेघाच काढत होते. चेन यांच्या चित्रात वस्तू चौकोनात असते आणि संबंध शंकरपाळ्यात. नोव्हाक यांच्याप्रमाणेच संबंधाला नाव द्यावंच लागतं.

फरक पडतो तो पुढे. डेटा मॉडेलमध्ये प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना आकडा सांगावा लागतो. एका हिश्श्याला मालक किती? एक, की अनेक? एका माणसाचे हिस्से किती? मालकाशिवाय हिस्सा असू शकतो का? नकाशा हे विचारत नाही, त्याला गरज नाही. दोन्ही बाजूंनी 'अनेक' आलं की मधल्या संबंधाचाच तक्ता होतो. तुमचे गुंठे तिथेच राहतात. मोजायला लागलं की विसरलेली माणसं सापडतात, हे मी कितीदा पाहिलंय. आत्यांच्या बाबतीत झालं ते तसंच.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. संकल्पना म्हणजे नोव्हाक यांच्या लेखी घटनांत किंवा वस्तूंत दिसणारा सारखेपणा, ज्याला आपण एक नाव देतो. 'पट्टी', 'मालक', 'गहाण' या संकल्पना. सोमा आणि वडाची पट्टी ही उदाहरणं, ती नकाशाच्या तळाशी येतात. तुम्ही दोन्ही एकाच पातळीवर मांडलीत. भाच्याच्या पद्धतीत ही गल्लत करताच येत नाही, कारण तक्ता आखणं वेगळं आणि त्यात ओळी भरणं वेगळं.

मलप्रभाकाठ

टेबलवाला, दुरुस्ती मान्य. वर्गात मी हेच मुलांना सांगतो आणि घरी विसरलो. पण आत्या 'पट्टी' या संकल्पनेबद्दल बोलणार नाही हो, ती वडाच्या पट्टीबद्दलच बोलणार. उदाहरणांतून वर चढावं लागतं.

वाचनालय_टिळकवाडी

सर, मी डीएडला शिकवत असे, तेव्हा नकाशे पुष्कळ तपासलेत. मला एकच विचारायचंय. कागदाच्या डोक्यावर प्रश्न लिहिला होता का?

नोव्हाक यांच्या पद्धतीत सुरुवात केंद्रप्रश्नाने होते. विषय लिहून चालत नाही, प्रश्नच लागतो. तुमच्या कागदावर बहुधा 'आमची शेती' एवढंच असणार. 'शेत कुणाचं?' असं वर लिहिलं असतं तर माणसांच्या चौकटी वर आल्या असत्या आणि आत्या लगेच विचारल्या गेल्या असत्या. 'हे शेत आपल्याकडे कसं आलं?' लिहिलं असतं तर गहाण, लग्न, विहीर, उसनवार हे सगळं वर आलं असतं. 'कोण काय पिकवतं?' लिहिलं असतं तर सोमा मध्यभागी. तीच माणसं, तोच सोपा, आणि तीन नकाशे. आत्यांची चौकट राहिली याचा दोष मी पद्धतीला देणार नाही. प्रश्न न लिहिल्याने कागद घरातल्या सवयीने भरला, आणि घरातली सवय अशी की सांगणारी बाई मोजली जात नाही.

आणखी एक. नकाशातली सगळ्यात मोलाची रेघ आडवी असते, एका फांदीतून दुसऱ्या फांदीत जाणारी. मुलं ती क्वचित काढतात. तुमची 'गहाण – लग्नासाठी' ही तशी आडवी रेघ आहे, जमिनीच्या फांदीतून नात्यांच्या फांदीत गेलेली. ती जपा, आणि पुन्हा तपासाही.

गोकाकवाली

माझी घरची भाषा कन्नड, शाळा मराठी. 'ची'बद्दल वाचून आईला विचारलं. आमच्यातही तसंच आहे. 'देवर होला', 'सोमन होला' ('होला' म्हणजे शेत), दोन्हीकडे एकच षष्ठी. कन्नडमध्ये नकाशा काढला असता तरी तुम्ही तिथेच अडला असता, सर.

पण एक वेगळं सांगते. 'माव' म्हणजे मामा, आणि 'माव' म्हणजे सासराही. आमच्या घरात तर ते खरोखरच एक आहेत, माझं लग्न मामाच्या मुलाशी झालंय. आता नकाशात 'मामा' आणि 'सासरे' अशा दोन चौकटी काढल्या तर दोन माणसं वाटतील. एक काढली तर नातं एकच वाटेल. माझ्या नवऱ्याने (तोही सॉफ्टवेअरमध्ये) हे पटकन सोडवलं: माणसाची ओळ एकच, नात्यांच्या तक्त्यात ओळी दोन. नातं हा माणसाचा गुण नाही, दोन माणसांमधला संबंध आहे. हे त्याने दाखवल्यावर मला फार बरं वाटलं. लग्नानंतर कितीतरी दिवस 'मामा' म्हणू की काय म्हणू हे कळत नव्हतं, आणि त्या वहीत दोन्ही ओळी शेजारी शेजारी होत्या.

येळ्ळूरचा_पाटील

मला तर दोन्ही एकच वाटतात. चौकटी आणि रेघा. एकाने शाळेत काढल्या, दुसऱ्याने ऑफिसात.

टेबलवाला_शहापूर

पाटील, चौकटी-रेघा सारख्या दिसतात हे बरोबर. पण जे *लिहिलं नाही* त्याचा अर्थ बघा.

नकाशात दोन चौकटींमध्ये रेघ नसेल तर त्याचा अर्थ इतकाच, की काढणाऱ्याने तसं काही म्हटलं नाही. उद्या म्हणेल, रेघ वाढवेल. नकाशा कधीच पुरा नसतो आणि तसा तो दावाही करत नाही. तक्त्यातला रिकामा रकाना मात्र बोलतो, आणि काय बोलतो ते कळत नाही. माहीत नाही? लागू नाही? की विचारलंच नाही? या रिकाम्या जागेवर, म्हणजे 'नल'वर, आमच्या क्षेत्रात कॉड यांच्या काळापासून वाद आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कर्नाटकात 2000 च्या सुमाराला 'भूमी' योजनेत सगळे पहाणी उतारे कॉम्प्युटरवर आले. दोन कोटींच्या आसपास उतारे, हाताने लिहिलेले. ते भरताना नावं कन्नड लिपीत गेली. माझ्या ओळखीच्या एका घरात एकच आजोबा तीन उताऱ्यांवर तीन प्रकारे आहेत: एकीकडे पाळण्यातलं नाव, एकीकडे हाकेचं, एकीकडे आडनाव चुकलेलं. गावातल्या कुणालाही विचारा, माणूस एकच. कॉम्प्युटरसाठी तिघे. कारण तिथे ओळख सर्व्हे नंबराला आहे, माणसाला नाही. मॉडेलमध्ये 'एक म्हणजे काय' हे जमिनीबद्दल ठरवलं गेलं होतं, आणि माणूस हा जमिनीचा एक गुण झाला होता. भाच्याने 'माणूस' हा वेगळा तक्ता केला तो म्हणूनच.

शेऱ्याबद्दल: शेरा हा रकाना आला की समजावं, आपण आखलेल्या जगात न मावणारं काहीतरी तिथे साठायला लागलंय. मी नव्या पोरांना सांगतो, आधी जुन्या रजिस्टरातले शेरे वाचा, मग तक्ते आखा.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनालयताई, तुमचा प्रश्न वाचून कागद काढून बघितला. वर 'आमची शेती' एवढंच होतं.

काल रविवारी भाचा परत आला होता. नवा कागद घेतला आणि वर लिहिलं, 'हे शेत आपल्याकडे कसं आलं आणि कुणाकुणाचं आहे?' यावेळी आधी आत्यालाच बोलायला सांगितलं, बाकीच्यांना नंतर. भाचा शेजारी बसून तक्ते भरत होता. टेबलवाला, शेऱ्याबद्दलचं तुमचं वाचून त्याने गहाणाला हिश्श्याच्या तक्त्यात न ठेवता 'घटना' असा वेगळा तक्ता केला: काय झालं, कधी, कुठल्या हिश्श्याबाबत, कोण कोण होतं. त्याच तक्त्यात लग्नंही टाकली.

तारखा लागल्या तसा तो लिहायचा थांबला. जुन्या फेरफारात गहाणाची नोंद 1977 ची. त्याने विचारलं, "आजी, तुमचं लग्न कुठल्या साली?"

"चौऱ्याहत्तर."

सोप्यात कुणी बोललं नाही. बाबांनी चष्मा काढून फेरफाराचा कागद पुन्हा बघितला. लहानपणापासून मी ऐकत आलोय, काकू सांगायच्या, बाबाही सांगायचे, की धाकटीच्या लग्नापायी वडाची पट्टी अडकली. पहिल्या नकाशात मीच ते ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. तेव्हा आत्या समोरच होती, आणि काही बोलली नव्हती.

आता बोलली. "विहिरीला काढलं होतं ते. दोनदा खणली, पाणी लागलं नाही, मग बुजवली. माझं लग्न आईच्या पाटल्यांवर झालं." मी विचारलं, "आत्या, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "विचारलं कुणी?"

मी 'लग्नासाठी' खोडून 'विहिरीसाठी' लिहिलं. बुजवलेल्या विहिरीची चौकट काढली. पाटल्यांची काढली, ती आजीला जोडली, आजीपासून आत्याच्या लग्नाला रेघ नेली. माझ्या पद्धतीने कारण जपलं होतं, पण चुकीचं कारण जपलं होतं. त्याच्या तक्त्याला कारण धरता येत नव्हतं, पण दोन तारखा शेजारी आल्या आणि ते कारण उभं राहू शकलं नाही. कुठली पद्धत आधी घ्यावी असं मी विचारलं होतं. आता मला एकट्या कुठल्याच पद्धतीवर काम सोडवत नाही. नववीच्या वर्गातही पुढच्या आठवड्यात नकाशा काढून झाल्यावर मुलांना प्रत्येक रेघेला 'किती?' आणि 'कधी?' विचारायला लावणार आहे.

एक शंका राहिलीय. माणसाच्या तक्त्यात भाच्याने आत्याचं सासरचं नाव घातलं, तेव्हा ती म्हणाली, "उताऱ्याला कुठलं लागतं? मी या घरात दुसऱ्याच नावाने होते." आणि पाटल्या कुठे लिहायच्या हेही त्याला कळेना. त्या जमीन नाहीत, माणूस नाहीत, आणि तारीखही नक्की नाही.

टेबलवाला_शहापूर

नावांचा तक्ता वेगळा करा, एका माणसाला अनेक नावं, प्रत्येकाला 'कुठल्या कागदावर' हा रकाना. माहेरचं आणि सासरचं दोन्ही राहू द्या. वारशाच्या अर्जाला आधार कार्डावरचं आणि वंशावळीतलं जुळवावं लागेल, त्याचं आधी बघा.

पाटल्या 'घटना'मध्येच जातील: आजीने पाटल्या मोडल्या, लग्नाच्या आधी. तारखेच्या जागी '1974 किंवा त्याआधी' चालेल. आणि त्या तक्त्याला आणखी एक रकाना द्या, 'कुणी सांगितलं'. 1977 च्या ओळीत तिथे 'फेरफार' येईल. पाटल्यांच्या ओळीत आत्यांचं नाव येईल.

शेतकरी_उचगाव

गुरुजी, हुबळीच्या आतेभावंडांना कळवलंत का? त्यांच्या सह्या लागतील.

मलप्रभाकाठ

आज संध्याकाळी फोन करतोय. आत्याच बोलणार आहे.